जगायला जाणं

(दहावी सन २००० च्या तुकडीचा स्नेहमेळावा भंडारदऱ्याला झाला. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं हे भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'परदेशातले अनुभव'. मी फोटो घेऊन आले होते. बर्फ, जुनी चर्च, लाल बस, असे सगळे. पण ते आज दाखवत नाही. काल रात्री शेकोटीपाशी जो वाद झाला, त्याच्यानंतर ते फोटो दाखवायला मला लाज वाटेल.

वाद ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्यातल्या एकाचे धरणाच्या काठावर तंबू आहेत. तिथे स्वयंपाकाला आणि वाढायला जी मुलं आहेत ती उत्तर प्रदेशची, बिहारची, दोघं नेपाळचे. दुसरा म्हणाला, गावातली पोरं मुंबईला जाऊन हमाली करतात आणि तू बाहेरची माणसं आणून ठेवतोस. ह्यांना गावात राहूच देऊ नये. पहिला म्हणाला, काजवे बघायला गर्दी उसळते नेमकी तेव्हा गावातली पोरं लग्नाला म्हणून आठ-आठ दिवस गायब होतात, मी पाहुण्यांना काय वाढू? तिसऱ्याने टोमॅटोच्या मजुरांचं काढलं. आवाज चढले. आपले सर शाल सावरत उठून गेले. तेवढ्यात कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "तू इंग्लंडात राहिलीस. तू सांग, तिकडे काय करतात बाहेरच्यांचं?"

मी झोप येतेय म्हणून उठले. झोप काही आली नाही. उत्तर माझ्याकडे होतं. पण ते द्यायचं तर माझी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी आजवर एका आईला सोडून कोणाला सांगितलेली नाही. आज तुम्हाला सांगते.

आधी आपला हजेरीपट आठवा. जूनमध्ये वर्गात बाकं पुरायची नाहीत. पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, पत्र्यावर नुसता आवाज. भाताच्या आवणीला थोडी गळती व्हायची, ती भरून निघायची. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की वर्ग निम्मा. भात झोडून घरात पडलं, नागली-वरई आटोपली, की माणसं निघायची. पुढचे सहा-सात महिने डोंगरावर काम नाही. कोणी अकोल्याहून पुढे नारायणगावच्या बाजूला कांदा लावायला आणि द्राक्षाच्या बागेत, कोणी ऊसतोडीच्या टोळीत, कोणी वीटभट्टीवर. 'कामाला जातो' असं कोणी म्हणायचं नाही. 'जगायला जातो' म्हणायचे.

माझे आईवडीलही जायचे. सहावीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जात होते. सातवीत असताना आपल्या वर्गशिक्षिका बाई घरी आल्या. आई भांडी बांधत होती. बाई ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हिला ठेवून जा. मे महिन्यात परत देते." आईने आधी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या एका वाक्यावर मी आज इंजिनिअर आहे. बाई इथे बसल्या आहेत, त्यांना हे आठवतही नसेल.

पण बाई सगळ्यांच्याच घरी पोचू शकल्या नाहीत. पाचवीत आपल्या दोन तुकड्या होत्या, दहावीला एकच उरली. आपण पंचवीस वर्षांनी जमलो म्हणून आनंद करतो आहोत, तो खराच आहे. पण आपल्यातले निम्मे ह्या मेळाव्याच्या यादीतच नाहीत, कारण ते दहावीच्या पटावरच नव्हते.

आता समोरच्या पाण्याकडे बघा. ह्या धरणाचं काम इंग्रजांनी १९१० साली सुरू केलं आणि १९२६ साली पूर्ण केलं. ११ टीएमसी पाणी. लहानपणी सहलीच्या पाहुण्यांना आपण तोंडपाठ सांगायचो, विल्सन डॅम, आर्थर लेक, अंब्रेला फॉल. ते पाणी प्रवरेतून आणि कालव्यांतून खाली गेलं. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला, १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, एक अख्खा भाग सुधारला. त्यांनी कष्ट केले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. पण आपल्या वाट्याला 'धरण उशाला आणि कोरड घशाला'. माझी आई एवढंच म्हणते, "आधी पाणी खाली गेलं, मग त्याच्या मागनं आम्ही गेलो."

तेव्हा काल रात्री आपण 'बाहेरचे' हा शब्द ज्या सहजपणे वापरत होतो, तो शब्द दर दिवाळीनंतर आपल्या आईबापांना लागलेला आहे. हे विसरू नका, एवढंच आत्ता म्हणते. माझी गोष्ट ह्याच्या पुढची आहे.

२०१४ साली कंपनीने मला इंग्लंडला पाठवलं. पीटरबरो नावाचं गाव, लंडनच्या उत्तरेला. काम एका विमा कंपनीच्या संगणकप्रणालीचं. पीटरबरोच्या पूर्वेला आणि उत्तरेला सपाट काळी जमीन आहे, तिला फेन्स म्हणतात. पूर्वी सगळी दलदल होती. १७ व्या शतकात एका डच अभियंत्याने पाणी काढून ती शेतीखाली आणली. म्हणजे तिथेही बाहेरचाच माणूस! कोबी, बटाटा, गाजर, फुलं. शेती अफाट आणि माणसं थोडी.

पहिल्याच हिवाळ्यात मला पहाटेच्या गाडीने लंडनला जायचं होतं. साडेचार-पाचची वेळ, कडाक्याची थंडी. लिंकन रोडवरून स्टेशनकडे चालत निघाले. रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती. पाठीवर पिशव्या, डब्यात जेवण, हात खिशात. बाया, पुरुष, तरुण पोरं. पांढऱ्या व्हॅन येत होत्या, कोणीतरी नावं पुकारत होता, माणसं चढत होती. माझे पाय थांबले. मी नारायणगावला उभी होते! एसटी स्टँडजवळचा तो पहाटेचा मजूर बाजार, पिकअप घेऊन आलेले शेतकरी, "चार बाया पाहिजेत, कांद्याला, उक्तं देणार का रोजाने येणार?" सगळं तेच. फरक एवढाच की इथे माणसं लिथुआनिया, पोलंड, लाटव्हियाची होती. मुकादमाला तिकडे गँगमास्टर म्हणतात.

ही माणसं तिथे कशी आली तेही सांगते. १ मे २००४ ला दहा नवे देश युरोपीय संघात आले. संघाचा नियम असा की एका देशाचा माणूस दुसऱ्या देशात जाऊन राहू शकतो, काम करू शकतो. बहुतेक जुन्या देशांनी काही वर्षं दार अर्धवट लावून ठेवलं. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने लगेच उघडलं. ब्रिटिश सरकारसाठी केलेला अंदाज होता, वर्षाला ५ ते १३ हजार माणसं वाढतील. आली ती लाखांत. आणि ती लंडनमध्ये पसरली तशी फेन्सच्या छोट्या गावांतही आली, जिथे पूर्वी परका माणूस क्वचित दिसायचा.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसायचे. पन्नाशीचे, बॉस्टन गावाजवळचे. अमेरिकेतलं नव्हे, हे मूळचं बॉस्टन. माझ्या घराचं बॉयलर बंद पडलं तेव्हा स्वतः येऊन दुरुस्त करून गेलेला माणूस. त्यांची आई शेतात काम करायची, गावातल्या बाया एका बसने मिळून जायच्या. ते म्हणाले, "आता त्या बसला आमच्या बाया नाहीत. एका घरात दहा-दहा माणसं राहतात, म्हणून भाडं चढलं. डॉक्टरची वेळ मिळत नाही. मला त्या माणसांचा राग नाही. पण हे सगळं ठरवताना आम्हाला कोणी विचारलं?"

मी त्यांना काय सांगणार? मी ज्या गावातून आले तिथेही पाणी खाली न्यायचं ठरलं तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. पुढे त्यांच्या बॉस्टनमध्ये शंभरातल्या पंचाहत्तरहून जास्त लोकांनी संघातून बाहेर पडायला मत दिलं. सगळ्या देशात ते प्रमाण सर्वांत जास्त होतं. त्या लोकांना अडाणी, द्वेष्टे म्हणून सोडून देणारे तिथे पुष्कळ होते. मला तसं म्हणवत नाही.

मतदान २३ जून २०१६ ला होतं. आणि आता माझी गोष्ट.

त्या मतदानाचा एक नियम तुम्हाला गंमतीचा वाटेल. युरोपातून आलेला माणूस पंधरा वर्षं तिथे राहत असला, कर भरत असला, तरी आयरिश, माल्टा, सायप्रसचे सोडले तर त्याला मत नव्हतं. पण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथे कायदेशीर राहत असेल तर त्याला होतं. म्हणजे मला, दोन वर्षांपूर्वी आलेल्या मला, मत होतं. ज्या राज्याने आपलं धरण बांधलं, त्याच्या जुन्या नात्याने माझ्या दारात मतदानाचं कार्ड येऊन पडलं.

शेजारच्या घरात लिथुआनियाची एक बाई राहायची. गाजरं धुऊन भरायच्या कारखान्यात रात्रपाळी करायची. तिची मुलगी शनिवारी माझ्याकडे गणित शिकायला यायची. त्या बाईला मत नव्हतं. तिने मला कुंपणावरून विचारलंही होतं, "तुझं मत आहे ना? आमच्यासाठी वापर."

मी मत दिलं बाहेर पडण्याच्या बाजूने. पेन्सिलीने फुली मारायची असते तिकडे. मारली.

का मारली? मनाशी मी पुष्कळ कारणं जुळवली. खरं कारण विमानतळावरच्या रांगेचं होतं. हीथ्रोला मी तासभर उभी राहायचे, कागद दाखवायचे, बोटांचे ठसे द्यायचे. आणि बाजूच्या रांगेतून युरोपचा माणूस पासपोर्ट दाखवून पाच मिनिटांत जायचा. मी शिकलेली, पगारदार, आणि माझा व्हिसा कंपनीला बांधलेला. नोकरी गेली तर देश सोडायचा. आणि गाजरं धुणारी हवी तेव्हा नोकरी बदलू शकते! प्रचारात आशियाई लोकांना हेच सांगत होते की युरोपचं दार लागलं की तुमचं उघडेल. मला ते पटलं. नारायणगावच्या मातीत वाढलेल्या माझ्या मनात हे आलं, की आपली रांग पुढे सरकायची तर दुसऱ्याची थांबली पाहिजे.

निकाल लागला. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१. पीटरबरोत शंभरातले जवळजवळ ६१ बाहेर. त्याच दिवसांत जवळच्या हंटिंग्डनमध्ये पोलिश लोकांच्या दारांपुढे घाणेरड्या शिव्या छापलेल्या चिठ्ठ्या टाकलेल्या सापडल्या. शनिवारी ती मुलगी वही घेऊन आली. वर्गातल्या एका मुलाने तिला विचारलं होतं, तू परत कधी जाणार? तिची आई दारात उभी होती. मला म्हणाली, "तू तरी आमच्या बाजूने दिलंस." ते तिने विचारलं नव्हतं, गृहीतच धरलं होतं. मी म्हणाले, "हो."

आपल्या शाळेत खोटं बोललं की बाई हातावर छडी द्यायच्या. ती छडी बरी होती.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. "तिथं मतदान झालं म्हणतात, तू कोणाला दिलंस?" आईशी खोटं बोलवलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आम्ही बी तेच म्हणायचो गं."

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याबरोबर असतानाचंच होतं, पण मला माहीत नव्हतं. नारायणगावला आपली माणसं आधीपासून जायची. मग पेठ-सुरगाण्याकडची, त्याच्याही पलीकडे गुजरातच्या बाजूची माणसं यायला लागली. आपल्या बाया म्हणायच्या, ह्यांनी भाव पाडला, ह्यांना बाजारात उभंच राहू देऊ नये. एकदा झोंबाझोंबीही झाली. रोज ३५ रुपये होता तो ३० वर आला होता. एका संध्याकाळी आपल्याकडची एक म्हातारी उठली, फडक्यात चार भाकरी बांधल्या आणि त्यांच्या पालांवर गेली. चुलीपाशी बसली आणि विचारलं, तुम्ही ३० वर का जाता? त्या बाया म्हणाल्या, "आम्हाला सांगतात अकोल्याच्या बाया ३० वर यायला तयार आहेत, तुम्ही नसाल तर राहू द्या."

आपल्याला सांगत होते ते ३० वर येतात. त्यांना सांगत होते आपण ३० वर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात सगळ्या बाया एकच आकडा बोलल्या, ३५. दहा वाजेपर्यंत पिकअप रिकाम्या उभ्या होत्या. मग भरल्या. तो हंगाम ३५ वर गेला. आई म्हणाली, पुढच्या वर्षी परत मोडलं, नवी माणसं आली, त्यांना कोणी भाकरी घेऊन गेलं नाही.

मित्रांनो, संगणकाच्या कामात आम्ही चूक शोधतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, लक्षण कुठे दिसतंय आणि मूळ कुठे आहे. शेजारच्या पालावरची बाई हे लक्षण होतं. मूळ हे, की एका कामाचे दोन भाव लावता येत होते. मी फुली मारली ती लक्षणावर.

पुढे ब्रिटनमध्ये काय झालं ते बघा. ३१ डिसेंबर २०२० ला युरोपच्या लोकांची मोकळी ये-जा संपली. शेतात माणूस लागतोच. करोनात सरकारने इंग्रजांना आवाहन केलं, शेतात या, देशासाठी पीक काढा. थोडे आले, त्यातले टिकले आणखी थोडे. २०२१ च्या सप्टेंबरात ट्रकचालक कमी पडले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. मग चालकांसाठी आणि कोंबड्यांच्या कारखान्यांसाठी तात्पुरते व्हिसा काढावे लागले. हंगामी शेतमजुरांचे व्हिसा २०१९ साली २,५०० होते. २०२३ साली ते ४५,००० होते. माणसं नेपाळ, इंडोनेशिया, उझबेकिस्तान, किरगिझस्तानहून येऊ लागली. सहा महिने राहायचं, घरच्यांना आणायचं नाही, मुदत संपली की परत. काहीजण तर येण्यासाठी कर्ज काढून आले. लिथुआनियाची माझी शेजारीण मालकाने त्रास दिला तर नोकरी सोडू शकत होती. ह्या नव्या माणसाच्या डोक्यावर कर्ज आहे, तो कुठे जाणार? सीमेवर ताबा आला म्हणतात. आला तो मजुरावर आला.

आणि माझं गणित? ते बरोबर निघालं. भारतीयांना व्हिसा भरपूर मिळाले. एका वर्षातलं निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेलं. बॉस्टनच्या माणसाने ज्यासाठी मत दिलं त्याच्या नेमकं उलट. मग ओरड झाली आणि २०२४ मध्ये आपल्याही लोकांवर अटी वाढल्या. दार आपल्यासाठी उघडलं म्हणून हसणाऱ्याच्या नाकावरही ते आपटतंच.

आता आपल्या राज्यात या. इतिहासाचे सर म्हणायचे तसं सनावळीने बघू. साठच्या दशकात मुंबईत हाच प्रश्न होता. मराठी तरुणाला नोकरी नाही आणि कचेऱ्यांत दक्षिणेकडचे लोक. 'मार्मिक' साप्ताहिकात त्यांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या. १९६६ साली शिवसेना निघाली. ती वेदना खोटी नव्हती, बॉस्टनच्या गृहस्थांची खोटी नव्हती तशीच. पण त्यानंतर 'बाहेरचा' कोण हे बदलत गेलं. आधी दक्षिणेकडचा, मग उत्तरेकडचा. २००८ साली रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना मार पडला. मारणाऱ्यांच्या घरात त्याने नोकरी आली का, हे ज्याचं त्याने सांगावं.

त्याच मुंबईत, त्याच दशकात, दुसरं उत्तरही निघालं. ते आपण कमी सांगतो. धक्क्यावर आणि बाजारात पाठीवर ओझी वाहणारे हमाल, त्यातले किती तरी साताऱ्याकडून, जुन्नरकडून जगायला गेलेले. त्यांना मालकही नक्की नाही आणि भावही नक्की नाही. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात कोण कुठून आला हे विचारलेलं नाही. मंडळात कामगाराचीही नोंद, मालकाचीही नोंद. मजुरी मंडळात जमा, तिथून कामगाराला. भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना. त्या कायद्याचे पुढे गैरवापर झाले, खंडणीच्या तक्रारी झाल्या, तेही खरं. पण माझ्या मते तो त्या म्हातारीच्या चार भाकऱ्यांचाच कायदा आहे.

तिसरं उत्तर १९७२ च्या दुष्काळातलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने त्याच वाटेने रोजगार हमीचा कायदा केला. गावातच काम मिळालं तर जाणं हा निर्णय होतो. नाही तर तो नाइलाज असतो.

आपल्या राज्यघटनेने तर युरोपच्या आधीच सांगून ठेवलंय, कलम १९. देशात कुठेही जा, राहा, काम करा. पण जायचा हक्क दिला आणि गेलेल्या माणसाची नोंद ठेवली नाही. १९७९ साली स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, त्याच्या नावातच 'आंतरराज्य'. नेपाळ सोडा, अकोल्याहून जुन्नरला गेलेली माझी आईसुद्धा त्या कायद्याला दिसत नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्याने चालत निघालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. ८ मे ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. 

म्हणून काल रात्रीच्या दोघा मित्रांना मला एकेक प्रश्न विचारायचा आहे. रागावू नका, मी स्वतः फुली मारून आलेली आहे.

तंबूवाल्या मित्रा, तुझ्याकडे वाढणाऱ्या मुलाला महिन्याला किती मिळतात हे त्याला माहीत आहे, की त्याला आणणाऱ्या ठेकेदाराला? आणि गावातला मुलगा तेवढेच मागायला आला, तर त्याला 'ती पोरं ह्याच्यापेक्षा कमीत येतात' असं तू म्हणालास का? म्हणाला असशील, तर नारायणगावचा तो शेतकरी आणि तू, ह्यांत फरक काय? आणि गावातल्या पोरांना लग्नाला जायला लागतं, तर साप्ताहिक सुट्टी देऊन चार जास्त मुलं कामाला ठेवता येतात का, हेही बघ.

आणि बाहेरच्यांना हाकला म्हणणाऱ्या मित्रा, ती मुलं उद्या गेली तर त्या जागी गावातली मुलं येतील, की त्यांच्याहून लांबची आणि त्यांच्याहून गरजू येतील? ब्रिटनने हे करून बघितलं, त्याचं उत्तर मी सांगितलं. तुझा भाऊ मुंबईत हमाली करतो, तोही तिथे कोणाचा तरी 'बाहेरचा' आहे. तू कधी त्या नेपाळच्या मुलांबरोबर बसून भाकर खाल्लीस का?

माझं म्हणणं लहान आहे. धरणाच्या काठावर जेवढे तंबू आणि हॉटेलं आपल्या ओळखीच्यांची आहेत, तेवढ्यांनी मिळून कामाचा एक भाव ठरवावा. गावच्याला तोच, बाहेरच्याला तोच, आणि तो फलकावर लिहावा. एका कामाला एक भाव झाला की मालक आधी गावातला मुलगा बघेल, कारण स्वस्ताईसाठी लांबून माणूस आणण्यात फायदा उरणार नाही. हे सगळ्या जगाला लागू पडेल असा माझा दावा नाही. घरभाडं, दवाखाना, शाळा हे प्रश्न राहतातच. पण सुरुवात एवढ्यापासून होऊ शकते, आणि ती आपल्या हातात आहे.

दुसरं शाळेचं. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, ती कुठे चालते, कुठे कागदावर राहते. दिवाळीनंतर ज्या मुलांचे आईबाप जगायला जातात, त्या मुलांना मे महिन्यापर्यंत ठेवून घ्यायला काय लागतं, धान्य, एक बाई, दोन खोल्या, ह्याचा हिशेब आपण आज दुपारी बसून करावा. मेळाव्याचे उरलेले पैसे स्मृतिचिन्हांवर घालवण्याऐवजी तिथे जावेत, अशी माझी विनंती आहे. माझा वाटा मी खजिनदारांकडे दिला आहे. बाईंनी एक घर केलं, आपण पंधरा-वीस घरं करू शकू.

शेवटी एक खासगी काम. लिथुआनियाच्या त्या बाईला मी दोन वर्षांपूर्वी पत्र लिहून खरं ते कळवलं. उत्तर आलेलं नाही, येईलच असंही नाही. पण दुसरं एक उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असू शकतं. आठवीत माझ्या बाकावर उजव्या बाजूला बसणारी, पाढे माझ्यापेक्षा जलद म्हणणारी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर उसाला गेली आणि परत आली नाही. तिचं नाव मी इथे घेत नाही, बाईंना माहीत आहे. ती कुठे असते हे कोणाला कळलं, तर मला सांगा. पुढच्या मेळाव्याला तिला बोलवायचं आहे.